टेंडर नंबर चौदा

गुरुवार, रात्री साडेदहा, केबिन

आज दिवसभर मी एकच काम केलं. माणसं मोजली. अकरा, अकरा, दहा, नऊ, अकरा, आणि एकदा चक्क बारा. तेव्हा कळलं की मी स्वतःला दोनदा धरलंय.

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचं निमित्त. हॉल, केटरर, नातेवाइकांची पंगत असं सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. दादा टोरांटोहून फोनवर म्हणाला, त्यापेक्षा आपणच सगळे आठ दिवस क्रूझवर एकत्र राहू. ‘एकत्र’ हा शब्द त्याचा, पण डोक्यात बसला तो माझ्या. व्हिसाचे कागद, विमा, आईच्या गोळ्यांची प्रिस्क्रिप्शनं, सगळ्यांची फाइल माझ्याकडे. दादाकडचे तिघं, ताईकडचे चौघं, आम्ही तिघं आणि आई.

परवा तुर्कस्तानातल्या कुशादासीला बोट सरळ धक्क्याला लागली होती. ज्याला जेव्हा जाग येईल तेव्हा उतरा, खाली फाटकाशी भेटू. आज ग्रीसमधलं सांतोरिनी. इथे तसं नाही. ते बेट म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडाचा उरलेला काठ. साडेतीन हजार वर्षांपूर्वी कधीतरी मधला भाग उडाला, खाली बसला आणि समुद्र आत शिरला. मध्ये पाणी तीन-चारशे मीटर खोल, कडेला उभा कडा आणि कड्यावर साखर सांडल्यासारखी पांढरी घरं. एवढ्या मोठ्या बोटीला लागायला धक्काच नाही. ती मध्येच थांबते आणि तिथल्या नावाड्यांच्या लाँच येऊन माणसं नेतात. त्या लाँचला टेंडर म्हणतात. आमच्या ह्यांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. ‘टेंडर’ कानावर पडल्याबरोबर ते म्हणाले, “उघडलं का? लोएस्ट कोण आहे?” हा विनोद त्यांनी आज सात वेळा केला. तेही मोजलं.

तर टेंडरचा नंबर मिळतो बोटीवरच्या थिएटरात, आठ वाजल्यापासून. नियम असा की ग्रुपमधली सगळी माणसं हजर असली तरच सगळ्यांना एकच नंबर. “बाकीचे येतायत” चालत नाही. रुमाल टाकून जागा धरणाऱ्या जातीला हा नियम फारच अपमानास्पद आहे.

आई सात वाजता तयार. नारिंगी काठाची साडी, पायात स्पोर्ट्स शूज, वर मोहरी रंगाचा स्वेटर, हातात काठी, पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू. थिएटरात पहिल्या रांगेत जाऊन बसली, जणू नाटक सुरू व्हायचंय. दादा-वहिनी आले, पुतणी आली. माझी लेक केस वाळवत होती, ती आली. मग ताई एकटीच. भावोजी वर नाश्त्याला, ऑम्लेटच्या रांगेत. ती त्यांची दुसरी फेरी. मोठा भाचा झोपलेला. धाकटा नेमका कुठे ते कोणालाच ठाऊक नाही.

एरवी मी व्हॉट्सॲपवर हाकारे घातले असते. पण बोटीवरचं इंटरनेट पैसे मोजून घ्यायचं, ते फक्त दादाने घेतलेलं. म्हणजे तो मेसेज पाठवणार आणि तोच वाचणार. पुतणीला पिटाळलं. लिफ्टसमोर ही गर्दी, म्हणून ती पाच मजले जिन्याने वर-खाली करत राहिली. ती भावोजींना घेऊन आली तेव्हा ह्यांना बाथरूमला जायचं होतं. हे आले तोवर वहिनी कॅप आणायला गेलेल्या. अकरा माणसं एका जागी, एकाच वेळी, पाठ टेकून बसलेली, असा क्षण यायला सव्वानऊ वाजले. शर्टावर लावायचे गोल स्टिकर मिळाले. नंबर चौदा. तेव्हा पुकारत होते पाच.

तेवढ्यात ताईने माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही, आणि तेच जास्त लागलं. तिने घरी असतानाच बोटीकडून बेटावरच्या इया गावाची सहल बुक केली होती. सहलवाल्यांना सगळ्यांच्या आधी उतरवतात. त्यांची लाँच जाते अथिनिओसच्या धक्क्याला. तिथे बस उभी असते आणि ती वळणावळणाने वर नेते. बाकीच्यांची लाँच लागते फिरा गावाच्या खाली, जुन्या बंदरात. तिथून कडा चढायचे तीनच मार्ग: केबल कार, गाढव नाहीतर पायऱ्या. मीच ताईला चार दिवसांपूर्वी ती सहल रद्द करायला लावली. “तुम्ही चौघं एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे, मग आलो कशाला?” हे माझे शब्द. ती ऐकते, ही तिची चूक. आज सकाळी आठ वाजता काचेतून दिसत होतं: सहलवाले आरामात लाँचमध्ये बसून निघाले होते, त्यांच्यात काठीवाल्या दोन आज्याही होत्या. त्यांना ना रांग, ना केबल कार. म्हणजे आईला सर्वात सोपा असलेला रस्ता मी आईच्याच नावाने बंद केला होता.

पावणेअकराला चौदा नंबर पुकारला. तेव्हा कळलं, धाकट्याने स्टिकर मोबाइलच्या पाठीवर चिकटवलाय आणि मोबाइल केबिनमध्ये चार्जिंगला आहे. त्यावर मी काय बोलले ते लिहीत नाही.

खाली पाण्याच्या पातळीवर बोटीच्या पोटातला दरवाजा उघडा होता. लाँच तिथे लागलेली, पण तिचा काठ एकदा आपल्या पावलाच्या वर, एकदा वीतभर खाली. दारात उभ्या खलाशाच्या छातीवर नाव आणि खाली इंडिया. त्याने आईची साडी पाहिली, विचारलं कुठल्या. आई म्हणाली मालवण. तो बार्देशचा निघाला. “माये, हात दी,” म्हणाला. तो तळहात धरत नव्हता, कोपराच्या खाली धरत होता आणि आपलाही हात तिथेच धरायला लावत होता. तळवा घामाने निसटतो, कोपर निसटत नाही.

आईने पदर खोचला. आधी काठी पुढच्या माणसाकडे दिली. मग नुसती उभी राहिली. मागून मी, “आई, सावकाश, आई, घाई नको” चालूच. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “गो, गप ऱ्हव. तुज्या जल्माआदी मी पडावातसून उतारलंय.” एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. लाँच खालून वर येऊ लागली तसं पाऊल पुढे टाकलं. काठ तिच्या पायाला येऊन भेटला म्हणा ना. तिच्या मागून भाचा, वय वर्षं बावीस, रोज जिमला जाणारा. त्याने लाँच खाली जात असताना पाय टाकला आणि समोरच्या जर्मन आजोबांच्या मांडीत जाऊन बसला.

लहानपणी आई भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने मालवणला जायची. मालवणच्या बंदरात खडक फार, आगबोट बाहेर लांबच थांबायची. किनाऱ्यावरून पडाव यायचे. बोचकी, ट्रंका, नारळाची पोती, कोंबड्या, माणसं, सगळं एकातून दुसऱ्यात उतरवायचं. लहान मुलांना तर हातोहात द्यायचे. वरचा खलाशी सोडायचा आणि खालचा झेलायचा. आईची ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेन. आज लाँचमध्ये तिने नवीनच तुकडा जोडला. एकदा तिला एका पडावात दिलं आणि तिच्या आईला दुसऱ्या. गर्दी होती, खलाशाने जागा दिसेल तिथे माणूस बसवला. ही पाच-सहा वर्षांची, अनोळखी माणसांत, मांडीवर कोणाचा तरी फणस. मी विचारलं, “रडलीस?” “रडान काय करतलंय? पडाव खय जातलो? किनाऱ्यारच ना?”

मध्येच दादाने माहिती पुरवली की २००७ च्या एप्रिलमध्ये सी डायमंड नावाची क्रूझ याच पाण्यात खडकावर आपटली आणि दुसऱ्या दिवशी बुडाली. बोटीवर दीड हजारांच्या वर माणसं होती. दोघं सोडून सगळी वाचली. अशी माहिती पाण्यावर असताना द्यायची नसते, हे दादाला पन्नाशी उलटून गेली तरी कळलेलं नाही. आई म्हणाली, “रामदाशीत किती गेली,” आणि गप्प झाली. सत्तेचाळीस सालच्या जुलैत रेवसला जाताना रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आई तेव्हा तीन वर्षांची, तिला काहीच आठवत नाही. पण त्या पिढीच्या कोकणी माणसाला बोट म्हटली की ते नाव सुटत नाही.

केबल कारमध्ये सहा पाळणे एकामागे एक आणि एका पाळण्यात सहा माणसं. अकरांचे सहा आणि पाच असे तुकडे तिथेच पडले, मला कोणी विचारलं नाही. तीन मिनिटांत वर. एवंगेलोस नोमिकोस नावाच्या जहाजमालकाने ही सोय गावाला दिली आणि तिच्या उत्पन्नातला हिस्सा गाढववाल्यांना मिळतो म्हणे. त्यांचा धंदा बसला त्याची भरपाई. भावोजींना गाढवावरूनच जायचं होतं. ग्रीस सरकारचा २०१८ चा नियम आहे, गाढवाच्या पाठीवर शंभर किलोच्या वर वजन द्यायचं नाही. भावोजी एकशे चार. ताईने हा नियम सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितला. सकाळचं उट्टं तिने तिथे काढलं असावं, चुकीच्या माणसावर.

वरचं काय लिहायचं? सुंदर आहे. फोटोत आहे तसंच आहे, फक्त फोटोत गर्दी दिसत नाही. निळ्या घुमटाशी फोटो काढायला रांग होती, आम्ही ती लावली नाही. इयाला जायला वेळ उरला नव्हता. आईने एका ओट्यावर बसून सगळ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटले.

खरी परीक्षा उतरताना. शेवटची लाँच साडेचारला. आम्ही अडीचला केबल कारशी आलो तर रांग गल्लीतून वळून पुढच्या गल्लीत. आज कड्याखालच्या पाण्यात आणखी तीन मोठ्या बोटी उभ्या होत्या आणि त्या सगळ्यांची माणसं त्याच सहा पाळण्यांतून उतरणार. कोणी म्हणालं दीड तास, कोणी दोन. ऊन टळटळीत. मी म्हटलं, काही झालं तरी सगळे एकत्र थांबू. आई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अकरा जणांनी उन्हात उभं राहून माझी रांग लवकर सरकणार आहे का?”

पुढचं तिनेच ठरवलं. मुलं, भावोजी आणि हे पायऱ्यांनी. दादा रांगेत आणि आई समोरच्या दुकानाच्या सावलीत खुर्चीवर; त्याचा नंबर जवळ आला की तो हाक मारेल. ताई आईपाशी. आणि मी? “तू मुलांबरोबर जा. इथे उभी राहून मला दर पाच मिनिटांनी पाणी पाजशील.” वहिनी हसल्या. हे हसले नाहीत, शहाणे आहेत.

मी पायऱ्या उतरले. पाचशे अठ्ठ्याऐंशी आहेत. दगड पायांनी झिजून गुळगुळीत झालेले, वर ताजी लीद, समोरून घंटा वाजवत खेचरांची रांग येते तेव्हा भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. गुडघे दुसऱ्या शंभरात बोलू लागले. भाचा, तोच जिमवाला, माझ्या एक पायरी पुढे चालत होता आणि प्रत्येक वळणावर न सांगता हात मागे करत होता. कोपराच्या खाली धरायला.

आम्ही पोचलो साडेतीनला आणि मिळाली त्या लाँचने बोटीवर आलो. मग मी सातव्या मजल्याच्या कठड्याला. खाली लाँच येत होत्या, जात होत्या, वरून माणसं म्हणजे नुसत्या टोप्या. सात जण आले होते, चार यायचे होते. चार वाजून वीस मिनिटांच्या लाँचमध्ये मोहरी रंग दिसला. आई पुढच्या बाकावर, शेजारी कोणी अनोळखी बाई; दोघींचं काहीतरी बोलणं चाललेलं, कुठल्या भाषेत देव जाणे. दाराशी आल्यावर तिने काठी आधी पुढे दिली.

वर आल्यावर मला बघून म्हणाली, “जेवलीस?”

उद्या सकाळी पिरेअस, अथेन्सचं बंदर. बॅगा रात्री अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्यात. विमानाच्या वेळेप्रमाणे पट्ट्या दिल्यात: दादाकडच्यांना निळ्या, ताईकडच्यांना हिरव्या, आम्हाला आणि आईला पिवळ्या. उतरायचंही रंगाप्रमाणे. ताई मघाशी येऊन विचारून गेली, काउंटरवर सांगून सगळ्यांना एकच रंग मागू का. म्हटलं, असू दे.

आत्ता धाकटा भाचा दार वाजवून गेला. त्याने सगळं सामान बॅगेत भरून बॅग बाहेर ठेवली आणि ती गेलीसुद्धा. उद्या घालायची पँट तीतच आहे. ह्यांची लागते का बघायला आलाय.