सिलिकॉन वाचवलं, पण कंपनी वाचली नाही

सोलर सेलची नवी टेक्नॉलॉजी बाजारात का टिकत नाही असं कुणी विचारलं की मला पहिली एव्हरग्रीन सोलर कंपनी आठवते, अमेरिकेतली, मॅसॅच्युसेट्सची. नेहमीची वेफर, म्हणजे सेल ज्यावर बनतो ती पातळ चकती, सिलिकॉनच्या ठोकळ्यातून तारेने कापतात आणि तेव्हा त्यात जवळपास अर्धं सिलिकॉन भुसा होऊन जायचं, एवढं खर्च करून शुद्ध केलेलं! एमआयटीच्या इमॅन्युएल सॅक्स यांनी वेगळीच युक्ती काढली, वितळलेल्या सिलिकॉनमधून दोन बारीक तारा वर खेचायच्या, मधे पातळ पापुद्रा धरतो, तोच वेफर, कापायची भानगडच नाही, आणि एव्हरग्रीन याच पद्धतीने वेफर बनवायची. २००८ मध्ये पॉलिसिलिकॉन, म्हणजे हेच शुद्ध केलेलं सिलिकॉन, किलोला ४०० डॉलरच्या वर गेलं होतं, आणि त्याच वर्षी कंपनीचा मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हन्सचा मोठा कारखाना सुरू झाला.

मग भाव कोसळला, २०११ संपता संपता तीसेक डॉलर. जे वाचवायला एवढा खटाटोप केला तेच स्वस्त झालं. ऑगस्ट २०११ मध्ये दिवाळखोरी, कारखाना त्याआधीच बंद, सुमारे ८०० नोकऱ्या गेल्या.

पण नुसता भाव नाही हो. त्यांच्या वेफरचं माप वेगळं, म्हणजे वेफरपासून सेल बनवणारी पुढची मशीनची लाइनही वेगळी. बाकी सगळे एकाच मापावर, त्यामुळे मशीनवाले जी सुधारणा करतील ती सगळ्यांना आयती मिळते, यांना प्रत्येक गोष्ट स्वतःच्या पैशाने करायची, आणि मला वाटतं खरी मेख इथेच आहे.

सॅक्स पुढे १३६६ टेक्नॉलॉजीज या कंपनीत होते, तिथे वितळलेल्या सिलिकॉनपासून थेट वेफर, तीही चालू मापाची, कुणाच्याही लाइनवर बसेल अशी. बरोबर विचार होता! पण ती वेफर मल्टीक्रिस्टलाइन, म्हणजे अनेक स्फटिकांची, आणि तोवर बाजार मोनोकडे, म्हणजे एकाच अखंड स्फटिकाच्या वेफरकडे वळला, शिवाय कापायला हिऱ्याचे कण लावलेली डायमंड वायर आल्यामुळे भुसाही कमी झाला. २०२१ मध्ये १३६६ ही हंट पेरोव्स्काइट या कंपनीत मिसळून क्युबिकपीव्ही झाली.

आता सगळ्यांचं लक्ष पेरोव्स्काइटवर, म्हणजे उन्हापासून वीज बनवणाऱ्या एका नव्या पदार्थावर. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये त्याचे पहिले पॅनल विकले, पेरोव्स्काइटचा थर सिलिकॉनवरच चढवलेला, म्हणजे सिलिकॉन स्वस्त झालं तर यांचाही फायदाच, आणि म्हणून मला या वाटेबद्दल मनापासून आशा वाटते. फक्त ८५ डिग्री आणि ८५ टक्के दमटपणातली टिकाऊपणाची टेस्ट १००० तासांची असते, म्हणजे दीड महिनाही नाही, आणि कर्ज देणारी बँक २५ वर्षांची खात्री मागते.