ओलिनालाची पेटी: काळा थर अखेर वाळला

मेक्सिकोतल्या ओलिनाला गावच्या माझ्या जुन्या पेटीची लाक (तेल आणि पुडीचा चकचकीत लेप) जागोजागी उडाली आहे, ती मी दुरुस्त करतेय. नवा काळा थर वाळतच नव्हता, पण झाकणाचा डावा कोपरा अखेर वाळला! बोट फिरवलं तर चिकटत नाही, आणि गारगोटीने घोटल्यावर शेजारच्या जुन्या लाकेसारखीच चमक आली.

दमट हवा, थराची जाडी, पावडर असे सगळे संशयित तपासून झाले होते. उत्तर मिळालं तेलाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांत. खाण्याचं चिया तेल खवट होऊ नये म्हणून त्यात व्हिटॅमिन ई आणि रोझमेरीचा अर्क घातलेला होता. लाकेचं तेल तर वाळतंच मुळी हवेतला ऑक्सिजन घेऊन. तेच रोखणारी गोष्ट आत असल्यावर थर चिकट राहणार आणि त्यावर धूळ बसत जाणार.

मग ओलिनालाच्या जुन्या रीतीने तेल घरीच काढलं. चिया तव्यावर भाजली, वाटली, गरम पाण्याचा हबका देत मळली, फडक्यातून पिळली आणि निघालेलं तेल मंद आचेवर कढवलं. हात भरून येतात आणि तेल निघतं चमचाभर. पण काय सुरेख वाळतं! तिथेही आता बरेच कारागीर स्वस्त पडतं म्हणून जवसाचं तेल वापरतात. नव्या कामाला ते चालेल, जुन्या पेटीला मी लावणार नाही.

तेलात मिसळायला तिथल्या तेसिकाल्ते या दगडाच्या पुडीऐवजी कुंभारकामाच्या दुकानातली डोलोमाइटची साधी पूड घेतली आणि तीत काजळी मिसळली. कलासाहित्याच्या दुकानातल्या महागड्या पावडरी फार बारीक असतात, तेल पिऊन त्यांच्या गुठळ्या होतात.

आता पेटीवरच्या चित्रातल्या सशाचा कान. काळ्यावर लाल थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कानाची रेघ कोरून भोवतालचा लाल पिसाने काढून टाकायचा. कोरायला टर्कीच्या पिसात बसवलेला उइसाचेचा काटा तयार आहे. हे झाड म्हणजे आपली देवबाभूळ, इथे दक्षिण टेक्सासात रस्त्याकडेलाही उगवते.

कान याच शनिवारी करणार होते, पण हे लिहिता लिहिता एक सुचलं. तेलाची लाक एकदा घट्ट झाली की विरघळवून काढता येत नाही. मग लाक उडालेल्या जागी आधी मेण काढलेल्या चपड्याचा (शेलॅकचा) एक हात दिला तर? पुढे कुणाला माझं काम काढायचं झालं तर स्पिरिटने चपडा सुटेल आणि मूळ काम शाबूत राहील. जुन्या लाकेवर स्पिरिट मागच्या कडेला लावून पाहिलं, रंग सुटला नाही. म्हणजे कान लांबणीवर, आधी नमुन्याची फळी.

आतल्या लाकडाला मात्र काहीही लावणार नाही. झाकण उघडलं की लिनालोए या सुगंधी लाकडाचा तो गोडसर वास अजून येतो. अत्तरांच्या तेलासाठी ही झाडं इतकी तोडली गेली की आता पुष्कळ पेट्या पाइनच्याच असतात, वास वरून लावलेला. माझी अस्सल लिनालोएची आहे, याचा आनंद रोज नव्याने होतो.

चपड्यावर तेलाची लाक कुणी बसवून पाहिली असेल तर चपडा किती पातळ ठेवला होता, ते सांगा.