कृष्णवर्णीय मुलींची शरीरप्रतिमा मोजताना जे सुटतं

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींना बारीक होण्याचा सोस गोऱ्या मुलींपेक्षा कमी, म्हणजे त्या आपल्या शरीरावर जास्त खूश, असा निष्कर्ष वर्षानुवर्षं काढला जातोय. पहिलं बरंचसं खरं आहे. दुसरं मला पटत नाही, कारण खोट मोजपट्टीतच आहे. शरीरप्रतिमेचा, म्हणजे स्वतःचं शरीर स्वतःला कसं वाटतं याचा, अभ्यास करणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांची १९८३ची आकृत्यांची पट्टी घ्या. बारीकपासून लठ्ठपर्यंत नऊ आकृत्या. ‘आत्ता मी कशी’ आणि ‘मला कसं व्हायचंय’ यासाठी एकेक आकृती निवडायची आणि वजाबाकी करायची. दोन्ही वेळा ५ निवडला की फरक शून्य, मुलगी समाधानी! पण पट्टीवरची बाई सगळीकडून सारखीच जाड होत जाते. रॅप व्हिडिओंनी रुजवलेला आदर्श म्हणजे बारीक कंबर, सपाट पोट आणि भरलेले नितंब. ते शरीर नऊपैकी एकाही आकृतीत सापडत नाही. केसांचा पोत आणि त्वचेची छटा तर पट्टीत येतच नाहीत, आणि खरी बोच अनेकदा तिथेच असते. कुरळ्या केसांवरून शाळेत-नोकरीत होणारा भेदभाव थांबवायला कॅलिफोर्नियाला २०१९मध्ये क्राउन कायदा करावा लागला, इतका हा प्रश्न रोजचा आहे.

माध्यमांबद्दल ‘दिवसाला किती तास टीव्ही बघता?’ एवढंच विचारून भागत नाही. संशोधक स्कूलर आणि सहकाऱ्यांच्या २००४च्या अभ्यासात मुख्य प्रवाहातले कार्यक्रम जास्त बघणाऱ्या गोऱ्या तरुणींची शरीरप्रतिमा जास्त वाईट होती. कृष्णवर्णीय तरुणींमध्ये तसा संबंध दिसला नाही. उलट कृष्णवर्णीय पात्रांचे कार्यक्रम बघणाऱ्यांची प्रतिमा अधिक निरोगी होती. त्यामुळे कार्यक्रमांची नावं विचारा, आणि पडद्यावरच्या बाईशी ती स्वतःची तुलना करते का, तेही विचारा.

माध्यमांचा परिणाम वांशिक ओळखीनुसार, म्हणजे आपल्या समूहाशी वाटणाऱ्या नात्यानुसार, बदलतो का हेही बघायला हवं. ती ओळख मोजायला मानसशास्त्रज्ञ जीन फिनी यांची १९९२ची प्रश्नावली चालते. मात्र आपल्या समूहाबद्दल स्वतःला वाटणारा अभिमान आणि ‘लोक आम्हाला कमी लेखतात’ ही जाणीव, या दोन गोष्टी एकाच बेरजेत घालू नका. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सेलर्स यांच्या मापनात त्या वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. प्रयोगात माध्यमांतली चित्रं दाखवण्याच्या लगेच आधी हे प्रश्न विचारले तर ओळख तिथल्या तिथे जागी होते आणि निकाल बदलू शकतो. आठवडाभर आधी विचारून ठेवा. विश्लेषणात मध्यांकावर, म्हणजे सगळ्या गुणांच्या बरोबर मधल्या गुणावर, कापून ‘ओळख पक्की’ आणि ‘ओळख कच्ची’ असे दोन गट पाडायचा मोह टाळा, त्यात बरीच माहिती वाया जाते. गुण सलगच ठेवा आणि समीकरणात माध्यम-गुणिले-ओळख हे पद घ्या, म्हणजे ओळखीनुसार माध्यमांचा परिणाम बदलतो का ते कळेल. नायजेरियातून आलेल्या कुटुंबातली मुलगी आणि पिढ्यान्‌पिढ्या अलाबामात राहिलेली मुलगी एकाच रकान्यात कोंबू नका.

या चुकांची किंमत दवाखान्यात मोजावी लागते. ‘यांना तो त्रास नसतो’ असं गृहीत धरलं की अनावर खाण्याचा विकार तपासलाच जात नाही, आणि तो कृष्णवर्णीय तरुणींमध्ये गोऱ्यांपेक्षा काही कमी नाही. तिथे वजनावरून अंदाज न बांधता, एका बसण्यात ताबा सुटून खाल्लं जातं का, हे थेट विचारावं.