चिखलावर रचलेला डोंगर

पुण्यात पाया खणायला घेतला की बहुतेक ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम लागतो, त्याखाली कातळ. इमारतींचे पाये काढण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे कुठल्याही मंदिराचं चित्र पाहिलं तरी माझा पहिला प्रश्न एकच: हे उभं कशावर आहे?

आजच्या मेक्सिकोत राज्य करणाऱ्या अॅझ्टेक लोकांचं मुख्य मंदिर गाळावर उभं होतं. तेस्कोको सरोवरातल्या बेटावर १३२५च्या सुमारास त्यांनी तेनोच्तित्लान ही राजधानी वसवली; आज तिथे मेक्सिको सिटी आहे. चिखलात लाकडी खुंट ठोकले, भरावाला तेसोंत्ले हा सच्छिद्र, हलका ज्वालामुखीय दगड वापरला. तरी बांधकाम खचतच राहिलं. मग जुनं मंदिर आत तसंच ठेवून भोवती नवं, मोठं बांधायचं. असे सात मोठे टप्पे झाले. खचणं हे एक कारण, नव्या राजाला आपली सत्ता दाखवायची असे हे दुसरं. पण जागा मात्र कधी हलवली नाही, कारण ती देवानं दाखवलेली. शेवटी उंची सुमारे ४५ मीटरपर्यंत गेली.

माथ्यावर दोन देवळं, शेजारी शेजारी: उत्तरेला पावसाचा त्लालोक, दक्षिणेला युद्धाचा आणि सूर्याचा विट्सिलोपोच्त्ली. दोघांना वेगवेगळे जिने, तोंड पश्चिमेला. पाऊस आणि लढाई, त्या राज्याचं पोट या दोन्हींवरच चालत होतं.

मला सगळ्यात जास्त खिळवतो तो दक्षिणेकडचा जिना. कथा अशी की कोआतेपेक डोंगरावर विट्सिलोपोच्त्ली जन्मला तोच शस्त्र घेऊन. आईला मारायला आलेल्या कोयोल्शाउकी या बहिणीला त्यानं ठार केलं आणि डोंगरावरून खाली लोटलं. मंदिराचा तो भाग म्हणजे हाच डोंगर. जिन्याच्या पायथ्याशी, अवयव तुटलेल्या कोयोल्शाउकीची सव्वातीन मीटर व्यासाची शिळा होती. १९७८ साली मेक्सिको सिटीत वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना ती सापडली. वर नरबळी दिला की देह या पायऱ्यांवरून खाली येई. हे भयंकर आहे, आणि ते सौम्य करून सांगणं मला पटत नाही. पण पायरीची चढण, शिळेची जागा, सगळं त्या कथेच्या मापानं ठरलेलं आहे.

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात आपण खडकाच्या आत शिरतो. देव अंधारात, समोर जेमतेम काही माणसं. तेनोच्तित्लानच्या मंदिरात सामान्य माणूस आत जातच नसे. तो खाली पटांगणात उभा राहून वर बघायचा. म्हणून गाभाऱ्याइतकाच जिना महत्त्वाचा.

१५२१मध्ये शहर पडलं. स्पॅनिशांनी मंदिर पाडलं, त्याचे दगड नव्या इमारतींना वापरले आणि जवळच कॅथेड्रल बांधलं. तेही खचलं, तेही वेडंवाकडं: खाली जुन्या बांधकामांचे अवशेष होते तिथे कमी, नुसता गाळ होता तिथे जास्त. १९९०च्या दशकात अभियंत्यांनी कमी खचलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून तिलाही खाली बसवलं.