टाकीचा ढेकर

माझं काम लोकांच्या घरची माशांची टाकी सांभाळायचं. पाणी बदलणं, फिल्टर धुणं, शेवाळ खरवडणं. तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात: पाणी गढूळ झालं, मासा मेला, काच हिरवी पडली. 'टाकीत नको तितके बुडबुडे येतात' ही तक्रार तशी किरकोळच. मीही ती किरकोळच धरली होती, आणि त्यामुळे एका घरी तिसऱ्यांदा जायची वेळ आली.

टाकी तीन फुटी, झाडं लावलेली, खाली कपाटात कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीतलं पाणी पाइपने ओढून, गाळून परत वर सोडणारा बंद डबा. काकूंची तक्रार अशी की मधूनच फिल्टरच्या तोंडातून पांढरा धूर निघावा तसे बारीक बुडबुडे सुटतात, टाकीभर पसरतात आणि मासे कोपऱ्यात जाऊन बसतात.

पहिल्या खेपेला मी स्पंजवर ठपका ठेवला. आठवड्यापूर्वीच तो नवा घातला होता. कोरड्या स्पंजात हवा अडकून राहते आणि दिवस-दोन दिवस थोडीथोडी सुटत राहते. चालू कॅनिस्टर दोन्ही हातांनी तिरपा करून हलवला, आतली हवा भसकन बाहेर आली, बुडबुडे थांबले. झाकणाच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीस लावलं आणि निघालो.

दुसऱ्या खेपेला काका म्हणाले, "अहो, आता तर माशांच्या अंगावरही बुडबुडे बसलेत." बघतो तर खरंच, काचेवर, पाइपवर, माशांच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढे मणी. आदल्या दिवशी त्यांनी नळाचं गार पाणी थेट टाकीत सोडलं होतं. गार पाण्यात हवा जास्त विरघळते. 15 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर 25 अंशांना जेमतेम 8.3. पाणी टाकीत कोमट झालं की जास्तीचा वायू मिळेल त्या पृष्ठभागावर बसतो. फार जास्त झालं तर माशांच्या परांच्या आत, डोळ्यातसुद्धा बुडबुडे होतात आणि ते घातक असतं. इथे तसं नव्हतं; मासा जरा जोरात वळला की मणी झडत होते. पाणी बादलीत ठेवून, खोलीच्या तापमानाला आणून मग घाला असं सांगितलं. दुपारी पानांवरून बुडबुड्यांची माळ वर जाते तीही काकांना खटकत होती. तो झाडांनी उजेडात सोडलेला ऑक्सिजन, त्याला हात लावायचा नाही, हेही सांगितलं.

एवढं सगळं बरोबर सांगितलं, पण मूळ तक्रारीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या पांढऱ्या धुराचं काय, यावर मी 'फिल्टर जुना झालाय, नवा घेऊन टाका' असं म्हणून मोकळा झालो. आमच्या धंद्यात हे वाक्य फार सोयीचं असतं.

तिसऱ्या खेपेला काका नव्या फिल्टरची चौकशी करून बसले होते. मी नेहमीसारखी बादली उचलली. टाकीचं पाणी दोन-अडीच बोटं उतरलं होतं, आधी ते भरून घ्यावं म्हणून.

काकू म्हणाल्या, "थांबा जरा. तुम्ही आलात की आधी पाणी भरता, आणि मग तो ढेकर द्यायचा बंद होतो."

"ढेकर?"

"मग काय! दर सात-आठ मिनिटांनी देतो. तुम्ही गेल्यावर चार-पाच दिवस गप्प असतो, मग पुन्हा सुरू. बसा, आत्ता ऐकवते."

बादली खाली ठेवली आणि स्टुलावर बसलो. कपाटातून फिल्टरची बारीक घरघर येत होती. थोड्या वेळाने आत 'गुडूप' असा आवाज झाला, घरघर वाढली आणि तोंडातून पांढरा लोट सुटला. दोन खेपा मी या टाकीसमोर तासतासभर वावरलो होतो आणि हे एकदाही पाहिलं नव्हतं. कसं पाहणार?

मग शोधायला वेळ लागला नाही. पाणी ओढणारा पाइप टाकीच्या कडेवरून आत उतरतो. वरचं वळण आणि खालची सरळ नळी जिथे एकमेकांत बसतात, तो सांधा कडेपासून साधारण दोन इंच खाली होता. टाकी भरलेली असली की सांधा पाण्याखाली. त्याला चीर असली तरी त्यातून पाणीच आत जाणार, कुणाला कळणारही नाही. पाणी वाफ होऊन उतरलं की सांधा उघडा, आणि तीच चीर हवा ओढणार. ती हवा कॅनिस्टरच्या झाकणाखाली साठते, पुरेशी झाली की इम्पेलरकडे, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पंख्याकडे जाते, आणि त्याची पाती तिचा भुगा करून टाकीत फेकतात. मी पहिल्यापासून सांध्यांना हात लावून 'ओलं नाही, म्हणजे गळत नाही' असं म्हणत होतो. ओढीच्या बाजूची चीर पाणी गाळत नाही, हवा पिते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, म्हणून जास्त लागलं.

खात्री करायला मगभर पाणी घेऊन सांध्यावर बारीक धार धरली. पंधरा मिनिटं. हात भरून आला, पण एकही ढेकर नाही. धार थांबवली, आणि नऊ मिनिटांनी 'गुडूप'. काकू हसल्या.

नळी काढून उजेडात धरली. खोबणीत केसाएवढी चीर, नखाला लागेल न लागेल अशी. पिशवीत त्याच मापाची जुनी नळी होती, ती बसवली. खालच्या जाळीत पानांचा चोथा अडकला होता, तोही काढला. जाळी तुंबली की ओढ वाढते आणि चीर आणखी हवा खेचते.

"मग तो नवा फिल्टर?" काकांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो, आणि पाणी न भरताच निघालो. काकूंनीच तशी अट घातली होती.

बाराव्या दिवशी त्यांचा फोन आला. पाणी आणखी तीन बोटं उतरलंय, अजून ढेकर नाही, आता भरू का?