रिमास्टर केलं म्हणजे नक्की काय केलं बे?

सीडीच्या कव्हरवर सोनेरी अक्षरात 'डिजिटली रिमास्टर्ड', म्हणजे जुनं रेकॉर्डिंग परत साफसूफ करून काढलंय, असं छापलेलं दिसलं की लोक खूष होतात, मी मात्र आधी सीडी कुठल्या वर्षीची आहे ते बघतो आणि मग त्याच सिनेमाच्या गाण्यांची जुनी, कव्हर पिवळं पडलेली सीडी कुठं मिळते का ते हुडकायला लागतो. दोस्त लोक म्हणतात की फोनवर सगळं फुकटात वाजतंय आणि हा गडी अजून सोलापूरच्या नवी पेठेत खोकी उपसत बसलाय. बसतो की. त्याला कारण आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. सीडी १९८२ मधे बाजारात आली तेव्हा १६ बिट (आवाजाच्या एका-एका नोंदीची बारकाई) आणि ४४.१ किलोहर्ट्झची (सेकंदाला ४४,१०० नोंदी) होती आणि आजपण तेवढीच आहे. कव्हरवर '२४ बिट रिमास्टरिंग' लिहिलेलं असतं ते स्टुडिओत काम करताना वापरलेलं असतं, तुमच्या हातातल्या चकतीवर येताना परत १६ च होतं. आणि १६ बिटात सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजामधे साधारण ९६ डेसिबलची जागा मिळते, एवढी जागा आपल्या जुन्या गाण्यांना कधी लागतच नाही, लाखेची ७८ ची रेकॉर्ड (मिनिटाला ७८ फेरे फिरणारी जुनी तबकडी) त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे सीडी कमी पडत नाही. कमी पडतं ते मूळ कुठनं घेतलं आणि मधे कुणी काय हात मारला ते.

जुनं सिनेमाचं गाणं कसं रेकॉर्ड व्हायचं ते बघा ना. गायक, कोरस, व्हायोलिनवाले, ढोलकी, सगळा ताफा एका हॉलमधे, एकाच वेळी, आणि रेकॉर्डिस्ट जागेवरच कुणाचा माईक किती ठेवायचा ते ठरवणार, कुणी चुकला की परत सुरुवातीपासनं. वेगवेगळे ट्रॅक नाहीतच. त्यात सुरुवातीच्या काळात हे सगळं फिल्मच्या ऑप्टिकल पट्टीवर (प्रकाशानं आवाज छापलेली पट्टी) जायचं, तिच्यात वरचे बारीक आवाज आठेक हजार हर्ट्झच्या पुढं फारसे टिकायचेच नाहीत, मॅग्नेटिक टेप नंतर आली. मग आता रिमास्टर करणाऱ्याला 'ढोलकी जरा वर काढ' म्हटलं तर तो काढणार कुठनं? त्याच्याकडं सगळं एकत्र शिजलेलं आहे. अख्ख्या गाण्याचा ट्रेबल वाढव, बेस वाढव, खरखर काढ, आवाज मोठा कर, एवढंच त्याच्या हातात. हल्ली गायकाचा आवाज वेगळा काढणारी सॉफ्टवेअर आलीयेत पण मी बोलतोय त्या सीडी त्याच्या आधीच्या.

आता खरखर. इथंच सगळा घोळ आहे.

माझ्याकडं एका जुन्या तमाशाप्रधान सिनेमाच्या दोन सीडी आहेत (नाव घेत नाही, नाव घेतलं की कंपनी कळणार). आमच्या अशोक चौकाकडं दिवसभर मागाची खटखट चालू असते त्यामुळं असलं ऐकायचं काम रात्री उशिरा, फॅन बंद करून, घामाघूम होत. जुन्या सीडीत गाणं सुरू व्हायच्या आधीच टेपचा सूं आवाज येतो, मग ढोलकीची थाप, आणि मग घुंगरू. घुंगराचा एक-एक दाणा वेगळा कळतो, बाई पाय कुठं आपटते ते कळतं, आणि गाणारी 'साजणा'तला 'स' म्हणते तेव्हा जिभेच्या टोकाचा आवाज येतो. नवीन सीडीत सूं गायब, एकदम सन्नाटा, पहिल्यांदा ऐकलं तर वाटतं वा काय क्लीन आहे! आणि मग घुंगरू वाजतात ते पाण्याखालनं आल्यासारखे, 'स' चा 'फ' झालाय, आणि शेवटी सूर विरत जातो तो पुरता विरायच्या आतच कापलाय. हे होणारच हो, कारण टेपचा सूं, घुंगरू, झांज आणि 'स-श' हे सगळे एकाच वरच्या पट्ट्यात राहतात. सॉफ्टवेअरला सूं कुठला आणि घुंगरू कुठलं ते नीट कळत नाही, ते सगळंच भादरतं. टर्किश टॉवेलवरचे सगळे दोरे कापून त्याला गुळगुळीत केल्यासारखं, दिसायला साफ, पण अंग पुसायला गेलं तर काय उपयोग.

माझं सरळ मत आहे, रेकॉर्डचे कट-कट आवाज काढा, ते एक-एक टिपून काढता येतात आणि गाण्याला धक्का लागत नाही. पण सूं राहू दे. दोन मिनिटात कानाला सवय होते.

दुसरा प्रकार मोठ्या आवाजाचा. साधारण ९० च्या दशकाच्या मध्यापासनं जगभरच सीड्या मोठ्या-मोठ्या आवाजाच्या निघायला लागल्या, कारण दुकानात दोन गाणी लागोपाठ लावली तर जे मोठं वाजतं तेच माणसाला चांगलं वाटतं. सीडीत आवाजाला एक छत असतं, त्याच्या वर जाता येत नाही, मग करायचं काय तर उंच शेंडे दाबायचे आणि बाकीचं सगळं वर उचलायचं. पटत नसेल तर दोन्ही सीडी कॉम्प्युटरमधे टाका, ऑडॅसिटी फुकट मिळतं त्यात उघडा. जुनी असेल तर मधेच उंच सुळके दिसतात आणि आजूबाजूला मोकळी जागा, नवी असेल तर खालपासनं वरपर्यंत निळा ठोकळा. ऐकून तुलना करायची असली तर मात्र एक गोष्ट न चुकता करा, नव्या सीडीचा आवाज जुन्याएवढा खाली घ्या, तिथंच सहा-सात डेसिबल उतरवावे लागतात बऱ्याचदा. एकदा आवाज सारखा झाला की नवीच्या ढोलकीतला जीव गेलेला लगेच कळतो. हे न करता केलेली तुलना म्हणजे नुसता टाईमपास, आणि बहुतेक जण तीच करतात.

नकली स्टिरिओबद्दल जास्त बोलत नाही. मोनो गाण्याचा (दोन्ही कानांना एकच आवाज) बेस एका कानात, ट्रेबल दुसऱ्या कानात, की झाला स्टिरिओ! कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यावर इलेक्ट्रॉनिक ड्रम चिकटवलेली झंकार बीट्स यायची, रिक्षात आणि ट्रकात लै चालायची, आपण नावं ठेवायचो, पण ती निदान तोंडावर सांगायची की बाबा आम्ही ढुमढुम घातलंय. 'मुघल-ए-आझम' (१९६०) रंगीत करून २००४ ला परत लावला तेव्हा वादन नव्यानं वाजवून मूळ गायकांच्या आवाजाखाली बसवलं होतं, तेपण उघड सांगून. तशाला माझी हरकत नाही, फक्त त्याला रिमास्टर म्हणू नका.

आणि स्पीड! हे कुणी बघतच नाही. टेप किंवा रेकॉर्ड जरा जोरात फिरवून सीडी केली की गाणं चढं होतं, गायिका एकदम कोवळी वाटायला लागते आणि लोक म्हणतात आवाज कसा फ्रेश झालाय बघा. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात एक काका पेटी वाजवतात, त्यांच्याकडं मी सीडी घेऊन जातो. काका डोळे मिटून पेटीवर सा हुडकतात आणि म्हणतात, "हे काळी दोनला पण बसंना आणि पांढरी तीनला पण बसंना, मधेच लोंबकळालंय की रे." एक अख्खी पट्टी चढायला, म्हणजे काळी दोनवरनं शेजारच्या पांढरी तीनवर जायला, स्पीड सहा टक्के वाढवावा लागतो, म्हणजे मधे लोंबकळायला तीन टक्के पुरे. आता मूळ वाद्यंच तशी लावलेली असतील असंपण होऊ शकतं, त्यामुळं एवढ्यावरनं फाशी द्यायची नाही. पण त्याच गाण्याची जुनी सीडी बरोब्बर काळी दोनला बसली तर मग उत्तर मिळालं. काकांना यातलं सीडी-बिडी काही माहीत नाही, 'चहा सांगू का' एवढंच विचारतात.

अजून एक गंमत, ७८ च्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळं सिनेमातलं मोठं गाणं एकतर कापलेलं असायचं नाहीतर दोन बाजूंना वाटलेलं. सीडी काढताना कुणीतरी उत्साहानं सिनेमातला राहिलेला अंतरा आणून जोडतो, आणि चालू गाण्यात एकदम आवाज बदलतो, मागं घोड्याच्या टापा पण ऐकू येतात. मला ते चालतं. अंतरा तरी मिळाला.

नवीन अल्बमचं गणित वेगळं. 'सैराट' आपल्या करमाळ्याकडचा, पण अजय-अतुलनी त्याचा सिंफनी ऑर्केस्ट्रा थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. एवढा मोठा ताफा हळू वाजतो तेव्हा खरंच हळू वाजायला पाहिजे आणि उसळतो तेव्हा अंगावर यायला पाहिजे, त्याला सीडीतली ती ९६ डेसिबलची जागा उपयोगी येते. आपण ऐकतो ते वरातीत, डीजेवर, फक्त 'झिंगाट'. असो.

तर जुन्या सीडी हाताळताना एवढं करा. खालची चकचकीत बाजू आपण जपतो पण खरा धोका वरच्या छापील बाजूला, अॅल्युमिनियमचा चकचकीत थर तिथंच लगेच खाली असतो, तिकडं ओरखडा गेला की गाणं गेलं. गाडीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नका, आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन माहितीये, आणि घरी कॉपी मारलेल्या सीडीत गाणं ज्या रंगाच्या थरात असतं तो तर उन्हानं लवकरच उतरतो. एकदा कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, एमपीथ्री नको, फ्लॅकमधे (आवाजातलं काहीच न गाळणारी फाइल). आणि कुणाच्या घरी ९० च्या आसपासच्या मराठी सिनेमाच्या सीडी भंगारात जायच्या रांगेत असतील तर जरा थांबा, सोलापुरात कुठंपण असू दे, जुळे सोलापूर असो नाहीतर बाळे, गाडीला किक मारून येतो मी.