नव्वदचा बोअर

पिकअप टोचन करून आली. हौदात उतरवलेलं हेड (सिलिंडरांवरचं झाकण), व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुशरॉडांची सुतळीनं बांधलेली जुडी, ऑईलच्या रिकाम्या डब्यात बोल्ट. गॅरेजचा तरुण फिटर पुढच्या सीटवरून उतरला तेव्हा त्याच्या हातात कोरं हेड गॅस्केट होतं, म्हणजे हेड आणि ब्लॉकमध्ये बसणारा पातळ पत्रा, आणि चेहरा त्रासलेला.

"दादा, डेक तिरका झालाय काय बघा. गॅस्केट बसंना."

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्याकडं बोअरिंग (सिलिंडर कातून मोठा करणं), होनिंग (तो घासून गुळगुळीत करणं) आणि हेड फेसिंगची (हेडचा तळ सपाट करणं) कामं येतात. डेक म्हणजे ब्लॉकचा वरचा चेहरा. तो वाकला तर पाणी गळेल, कॉम्प्रेशन जाईल. पण बोल्टाची भोकं जागा बदलत नाहीत. गॅस्केट ब्लॉकवर ठेवून बघितलं. एका टोकाचे दोन बोल्ट जुळवले की दुसऱ्या टोकाला भोकं सरकलेली. म्हणजे गॅस्केटच दुसऱ्या इंजिनाचं. पण हे फिटरला पटेना, आणि त्याचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं.

गाडी महिंद्राची एनसी ६४० डीपी. यातलं डीपी म्हणजे डिझेल प्यूजो. आरसीवर २११२ सीसी. प्यूजोच्या त्या इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर, सिलिंडरचा आतला व्यास. फिटरनं हेड काढल्यावर व्हर्नियर लावला, तर बरोबर नव्वद. खात्री करायला ९० स्टँडर्डची पिस्टन रिंग आणून सिलिंडरात घालून बघितली, तीही बसली. कागद, माप आणि रिंग तिन्ही एकच सांगतायत म्हटल्यावर आणलेलं २११२चं गॅस्केट बरोबर आणि डेकचीच चूक वाटणार. मालक मात्र मागून सांगत होता, "घेताना त्यानं पंचवीसशेचं इंजिन म्हणून दिलीय गाडी."

या 'पंचवीसशे' शब्दानं आजवर किती चुकीचे पार्ट विकले गेले असतील, मोजदाद नाही. महिंद्राच्या जुन्या गाड्यांत अडीच लिटरची दोन डिझेल इंजिनं सर्रास दिसतात. एक प्यूजोचं एक्सडी३पी, बोअर ९४, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ९०, २४९८ सीसी. दुसरं महिंद्राचं डायरेक्ट इंजेक्शनचं एमडीआय, बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६, २५२३ सीसी. पंचवीस सीसीचा फरक, त्यामुळं बोलताना दोन्ही पंचवीसशेच. आतून मात्र एक रुंद आणि बुटकं, दुसरं अरुंद आणि उंच. एमडीआयची मापं इंचात घातली की त्याचं घराणं कळतं: साडेतीन इंच बोअर, चार इंच स्ट्रोक. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाचं हे माप. १९६३त स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियानं बी-२७५ ट्रॅक्टर इथं बनवायला घेतला, त्याच वंशातलं हे इंजिन.

मी आधी इंजिनाला हात लावला नाही, बॉनेटखाली वायरिंग बघितलं. इंजिन बदलणारा माणूस इंजिन बदलतो, वायरी सहसा तशाच ठेवतो. बॅटरीच्या मागं बोटभर जाड गुंडाळी सापडली. काळी टेप उसवली तर आत मोकळं टोक, तांब्याला हिरवट गंज चढलेला. उलट्या दिशेनं माग काढला तर वायर इंजिनाच्या हीटर प्लगांच्या रिलेला गेलेली. डॅशबोर्डवर हीटरचा दिवाही होता, चावी फिरवली की लागत होता. पण हेडवर एकाही सिलिंडरला हीटर प्लग नव्हता, आणि त्याचं भोक बुजवल्याची खूणही नव्हती.

प्यूजोच्या या दोन्ही इंजिनांत डिझेल आधी हेडमधल्या छोट्या प्री-चेंबरात उडतं. थंड इंजिन चालू करताना तो चेंबर तापवायला प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग लागतोच. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये डिझेल सरळ पिस्टनवर पडतं, तिथं, जुन्या इंजिनांत तरी, असा प्लग सहसा नसतो. म्हणजे ही बॉडी प्यूजो इंजिनाची, आत बसलंय ते दुसरंच.

हेड उतरलेलंच होतं, त्यामुळं हे ताडून बघायला मिनिटभर लागलं. पिस्टनच्या माथ्यावर खोल वाटी होती, आमटीच्या छोट्या वाटीसारखी, काठाला काजळीचा थर. हेड पालथं केलं तर चेहरा सपाट: दोन व्हॉल्व्ह आणि नोझलचं भोक, बस्स. प्री-चेंबरवाल्या हेडला या बाजूनं चेंबरचं तोंड दिसतं आणि पिस्टनचा माथा बहुतेक सपाट असतो. २११२ आणि २४९८ दोन्ही इथंच बाद. फिटरला वाटी दाखवली. तो म्हणाला, "मग नव्वद कसं भरतंय?"

प्रश्न रास्त होता. नव्वदच्या आसपास बोअर असलेलं आपल्याकडं आणखी एक इंजिन फिरतं: टेम्पो ट्रॅक्समधलं मर्सिडीजचं ओएम६१६, ९०.९ बोअर, ९२.४ स्ट्रोक, २३९९ सीसी. तेही लोक जीपमध्ये घालतात. पण व्हॉल्व्ह उघडणारा त्याचा कॅमशाफ्ट हेडवरच असतो, पुशरॉड नसतात, आणि तेही प्री-चेंबरचंच. इथं पुशरॉडांची जुडी हौदात पडली होती. टाटा २०७ डीआयचं ४९७ डायरेक्ट इंजेक्शनचं खरं, पण नावातच ९७चा बोअर आहे. (टाटाच्या त्या जुन्या इंजिनांचं हे बरं होतं, पहिला आकडा सिलिंडरांचा, पुढचे दोन बोअरचे. ४८३, ४९७, ६९७. नाव वाचलं की अर्धं काम झालं.)

फिटरची चूक माप घेण्यात नव्हती. त्यानं चुकीच्या मापावर भरवसा ठेवला. बोअर हे इंजिनाच्या आयुष्यात बदलणारं माप आहे. झिजून वाढतो, रिबोअर करून (पुन्हा कातून) वाढवतात, स्लीव्ह म्हणजे आत नळी घालून परत लहान करतात. स्ट्रोक बदलत नाही. तो क्रँकच्या फेकीवर, म्हणजे क्रँकपिन मधल्या अक्षापासून किती लांब आहे यावर ठरतो, आणि क्रँक ग्राइंड करून अंडरसाईझ केला तरी जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) बारीक होतं, फेक तीच राहते. त्यामुळं ओळख पटवायची तर आधी स्ट्रोक मोजायचा आणि बोअर नंतर बघायचा.

डेकवर चिकटलेले जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडून काढले, कारण त्यावर डेप्थ गेज टेकला की माप तिथंच खोटं. क्रँक पुलीचा बोल्ट पान्यानं चालत्या दिशेनंच फिरवत एक नंबरचा पिस्टन तळाला नेला. डेप्थ गेज वाटीत घालायचा नाही, माथ्याच्या सपाट कडेवर टेकवायचा, आणि तोही पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या गजन पिनच्या रेषेत. दुसऱ्या दिशेनं मोजलं तर पिस्टन बोअरमध्ये जरासा डुलतो आणि रीडिंग हलतं. तळाला १०१.८ आलं. मग पिस्टन टॉपला आणला, तिथं डेकपासून ०.३ खाली. वजाबाकी १०१.५. टॉप आणि बॉटम अगदी अचूक सापडले पाहिजेत असं नाही. दोन्ही टोकांना पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो, क्रँक तीन अंश इकडंतिकडं झाला तरी माप एक दशांश मिलिमीटरही हलत नाही. चार नंबरला मोजलं, १०१.६.

प्यूजोचं २११२ असतं तर ८३ आलं असतं. साडेअठरा मिलिमीटरचा फरक आहे, साध्या पट्टीनंसुद्धा कळला असता.

आता नव्वदचं कोडं. दोन नंबरच्या माथ्यावर डिझेलचं बोळं दहा मिनिटं ठेवलं, मग प्लास्टिकच्या स्क्रेपरनं काजळी काढली. एमरी पेपर इथं वापरू नये, त्याची पूड रिंगच्या वरच्या फटीत उतरते आणि नवा बोअर खाते. काजळी निघाली तशी वाटीच्या काठाजवळ आधी अधिकची खूण दिसली, मग एक, मग टिंब आणि दोन शून्यं. अधिक १.००, म्हणजे एक मिलिमीटर ओव्हरसाईझ. ८८.९ अधिक एक, ८९.९. डायल बोअर गेजनं वरच्या न झिजलेल्या कडेला ८९.९२ दाखवलं. त्याखाली, रिंगा घासतात त्या पट्ट्यात, थ्रस्टच्या बाजूला (पिस्टनचा दाब पडतो तिकडं) ९०.०५. साध्या व्हर्नियरच्या जबड्यात हे सगळं गोळा होऊन 'नव्वद' झालं होतं. रिंगही त्यामुळंच बसली. पिस्टनच्या खाचेत घालून बघितली असती तर जाडीनं तिथंच नाही म्हटलं असतं.

म्हणजे एमडीआय, पहिल्या जन्मी २५२३ सीसीचं, रिबोअर धरून आज साधारण २५८०. बी-२७५चं जुनं ट्रॅक्टर इंजिन असेल का, ही शंका मी काढून बघितली. त्याचा स्ट्रोक तोच चार इंच, पण बोअर ८५.७. ते सव्वाचार मिलिमीटर मोठं कुणी करत नाही, आणि पिस्टनवरची खूणही एकच मिलिमीटर सांगत होती.

इंजिन नंबर शेवटी बघितला. पंच केलेल्या जागेवर तेलाची खपली होती, ती डिझेल आणि नरम ब्रशनं काढली. ग्राइंडर किंवा जाड वायरव्हील लावायचंच नाही. अंक पुसट झाले की खाडाखोड केल्यासारखं दिसतं आणि मग मालकाला निस्तरत बसावं लागतं. टॉर्च आडवी धरली, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. कागदावर उठलेला नंबर आरसीशी जुळत नव्हता. मालकाला सांगितलं, इंजिन बदल मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२खाली येतो, आरटीओत नोंद लागते. विकणाऱ्याकडून जुन्या इंजिनाची पावती मिळव. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर पहिला हाच नंबर बघणार. बिलावर आम्ही ब्लॉकवरचा खरा नंबरच लिहितो. नंबर घासलेला ब्लॉक आला तर काम घेत नाही.

आता दुरुस्तीचं. झीज ०.१३. ऐकायला थोडी वाटते, पण बोअर जितका वाढतो त्याच्या सव्वातीनपट नाही तरी तिपटीहून जास्त रिंगच्या दोन टोकांमधली फट उघडते, कारण घेर व्यासाच्या ३.१४ पट. ०.३५ची फट ०.७५च्या पुढं जाते. नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर थोड्या महिन्यांत धूर आणि ऑईल पिणं परत सुरू. आणि एक मिलिमीटर आधीच संपलेला असल्यानं आणखी मोठं करायच्या भानगडीत मला पडायचं नव्हतं. चारही स्लीव्ह घालून परत ८८.९ स्टँडर्डवर आणायचं ठरलं. मालकानं खर्चाचा आकडा ऐकून थोडा वेळ गाडीभोवती फेऱ्या मारल्या, मग हो म्हणाला. हेडवर पट्टी धरून फिलर गेज लावला तर दोन आणि तीन नंबरच्या मध्ये ०.१५ची पाती आत जात होती. गॅस्केट तिथंच जळालं होतं. फेसिंग केलं.

जोडणी झाल्यावर रॉकर कव्हरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेंटनं लिहिलं: एमडीआय, ८८.९ स्टँडर्ड, स्ट्रोक १०१.६. हीटरच्या मोकळ्या वायरीचा फ्यूज काढला आणि टोक नव्यानं बांधलं. दिवा राहू दे म्हणाला मालक. नव्वदच्या रिंगांचं पाकीट फोडलेलं होतं, दुकानदारानं परत घेतलं नाही. ते फिटरनं आमच्याच फळीवर ठेवलंय, एखादी खरी २११२ येईल म्हणून.